डावीकडे कुणीच नाही

बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये आकाशाजवळच्या रांगांत बसून रेड सॉक्सच्या डेव्हिड ऑर्टिझला फलंदाजी शिकवणारे जे महाभाग होते, त्यांतला मी एक. बॉस्टनला आलो तेव्हा बेसबॉलचं माझं ज्ञान शून्य होतं. आत्मविश्वास मात्र ठाण्यात कॉलेजच्या संघाचं यष्टिरक्षण केलेल्या माणसाचा होता. चेंडू, बॅट, झेल, धाव हे सगळं आपल्याला ठाऊकच आहे, नियमांचा तपशील तेवढा शिकायचा, अशी माझी समजूत.

ऑर्टिझ डावखुरा. त्याचे जमिनीवरून जाणारे फटके बहुतेक उजव्या बाजूला जात. म्हणून तो खेळायला आला की प्रतिस्पर्धी संघ आपली माणसं सरकवायचा. शॉर्टस्टॉप सेकंड बेसच्या पलीकडे जायचा, सेकंड बेसमन उजवीकडच्या गवतात मागे जाऊन उभा राहायचा आणि डाव्या बाजूचं इनफिल्ड एकट्या माणसाच्या भरवशावर सोडलेलं असायचं. याला शिफ्ट म्हणतात. ऑर्टिझ सणसणीत फटका मारायचा, एरवी जो चेंडू हमखास आउटफिल्डमध्ये गेला असता तो गवतातल्या त्या माणसाच्या हाती लागायचा आणि ऑर्टिझ आउट. मी उभा राहून ओरडायचो, "अरे, डावीकडे कुणीच नाही! तिकडे नुसता ढकल ना!" रागाच्या भरात मराठीतच.

शेजारच्या खुर्चीवर पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई बसायच्या. हंगामाचं तिकीट, मांडीवर स्कोअरबुक, कानावर पेन्सिल. मी काय ओरडलो ते त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे लोक १९४६ पासून ओरडताहेत. तू आता आलास."

मग मला रेड सॉक्सच्याच डावखुऱ्या टेड विल्यम्सची गोष्ट ऐकावी लागली. १४ जुलै १९४६. याच मैदानावर क्लीव्हलंडविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्यात विल्यम्सनं तीन होमरन मारले. क्लीव्हलंडचा खेळाडू आणि व्यवस्थापक लू बूद्रो यानं दुसऱ्या सामन्यात त्याच्यासाठी सहा माणसं उजवीकडे नेऊन ठेवली. डावीकडे उरला एकटा लेफ्ट फिल्डर. मी लगेच विचारलं, "मग विल्यम्सनं डावीकडे का नाही मारलं?" बाई म्हणाल्या, "मारलं की. त्याच सप्टेंबरात, क्लीव्हलंडमध्ये, डावीकडे मारून धावत होमरन काढला आणि १–० असा सामना जिंकून संघाला लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. कारकिर्दीतला तसला त्याचा एकुलता एक." मी खूश. माझा मुद्दा सिद्ध झाला होता! त्यांनी शांतपणे पान उलटलं. "पुढच्या महिन्यात वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईसनंही शिफ्ट लावली. विल्यम्सनं २५ पैकी ५ हिट्स घेतले, त्यातला एक बंट, म्हणजे बॅटनं नुसता ढकललेला. बॉस्टन हरलं."

हे ऐकूनही माझं मत बदललं नाही, ही माझी खरी चूक. एका होमरनवर मी कितीतरी दिवस वाद घालत राहिलो. आजूबाजूच्या रांगांतही माझ्या बाजूचे लोक पुष्कळ होते, त्यामुळे हुरूप यायचा. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाला तर शिफ्ट हा संगणकवाल्यांनी खेळाला लावलेला रोगच वाटे, आणि मी स्वतः संगणकवाला असूनही मान डोलवायचो.

चूक कळायला बॅट हातात घ्यावी लागली. ऑफिसच्या लोकांबरोबर पिंजऱ्यात, यंत्रानं टाकलेले चेंडू खेळायला गेलो. क्रिकेटची बॅट सपाट असते, तिचा चेहरा शेवटच्या क्षणी उघडून चेंडू थर्ड मॅनला सोडता येतो. इथे दांडका गोल, आणि ताशी ९५ मैलांचा चेंडू पिचरच्या हातून सुटून होम प्लेटपाशी यायला ०.४ सेकंदांच्या आसपास लागतात. यंत्राचा वेग त्याच्या जवळपासही नव्हता आणि मला डावीउजवीकडे सोडाच, समोरही मारता येईना. शिवाय माझ्या लक्षातच न आलेली गोष्ट अशी, की चेंडू उशिरा खेळून विरुद्ध दिशेला नेला तर तो बहुधा हवेत जातो. जमिनीवरून जाणारे फटके बहुतांशी फलंदाजाच्या ओढीच्या बाजूलाच, म्हणजे डावखुऱ्याच्या उजवीकडेच, जातात. म्हणजे मी ज्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवत होतो, तिथे जमिनीवरून चेंडू क्वचितच येतो. आणि पिचरही काही मदत करायला बसलेला नसतो, तो आतल्या बाजूलाच टाकतो. वर ऑर्टिझनं बंट करून एक बेस घेतला तर प्रतिस्पर्ध्याला आनंदच. कारकिर्दीत ५४१ होमरन मारणारा माणूस एका बेसवर समाधान मानतोय, याहून त्यांना काय हवं?

शिफ्टच्या बाबतीत मी निदान नवखा होतो. कॅचरच्या, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाच्या, बाबतीत मात्र मी स्वतःला तज्ज्ञ समजायचो, आणि तिथेच जास्त वाहवलो.

टँपा बे रेज हा संघ त्या काळात शिफ्ट सर्वांत धीटपणे वापरायचा. त्यांचा कॅचर होता होसे मोलिना. तिघे मोलिना भाऊ, तिघेही कॅचर. होसे वयानं सदतिशीकडे झुकलेला, धावायला मंद, फलंदाजी बेताची, आणि जमिनीवर आपटलेले चेंडू अडवण्यातही फार चपळ नाही. सगळी कारकीर्द राखीव कॅचर म्हणून काढलेल्या या माणसाला रेजनं २०१२ मध्ये मुख्य कॅचर केला. मी बाईंना म्हणालो, "हा आमच्या कॉलेजच्या संघातसुद्धा आला नसता." मोलिनाच्या मागे चेंडू गेला की मी मनात बाय मोजायचो.

बाई म्हणाल्या, "मागे गेलेले मोजतोस, ते ठीक. हातात राहिलेले कोण मोजणार?"

मला वाटलं, उगाच कोड्यात बोलताहेत. नंतर माइक फास्ट या संशोधकाचा २०११ चा अभ्यास वाचला. चेंडूचा मार्ग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून त्यानं पाहिलं होतं, की काठावरच्या चेंडूंवर अंपायरकडून स्ट्राइक, म्हणजे पिचरच्या बाजूचा निर्णय, कोणता कॅचर किती मिळवतो; फलंदाजाच्या बाजूनं लागला तर तो बॉल. एक बॉल स्ट्राइक ठरला की सरासरी धावेचा साधारण आठवा हिस्सा वाचतो. ऐकायला किरकोळ. पण सामन्यात कॅचरच्या दिशेनं दीडशेच्या आसपास चेंडू टाकले जातात. फास्टच्या हिशेबात सर्वांत वर होसे मोलिना होता, १२० सामन्यांमागे सुमारे ३५ धावा. दहा धावा म्हणजे साधारण एक विजय, असं इथे धरतात. माझ्या कॉलेजच्या संघात न बसणारा माणूस वर्षाला तीन सामने नुसत्या मनगटावर जिंकून देत होता.

कसं, ते मला दिसत नव्हतं, कारण माझे हात वेगळं शिकले होते. यष्टिरक्षकाला पहिला धडा असतो: हात मऊ ठेव, चेंडूबरोबर मागे घे, नाहीतर उडेल. नरेन ताम्हाणे सुभाष गुप्तेंच्या लेगस्पिनला यष्टींना चिकटून उभे राहून कसे झेलायचे, याची वर्णनं ऐकतच आम्ही वाढलो. मोलिना नेमकं उलट करायचा. चेंडूला सामोरा जाऊन तो ग्लव्ह होता तिथेच थांबवायचा. चेंडू प्लेटच्या सतरा इंचांच्या काठावरून आला आणि ग्लव्ह त्याच्या जोरानं बाहेर वाहत गेला, तर अंपायरच्या नजरेला तो बॉल दिसतो. ग्लव्ह जागच्या जागी थबकला तर स्ट्राइक. ज्या कॅचरांचे हात चेंडूबरोबर झुळझुळ मागे जात त्यांना मी 'काय सुंदर कीपिंग आहे' म्हणत होतो, आणि ते बिचारे आपल्या पिचरचे स्ट्राइक घालवत होते.

हे वाचून मी शहाणा झालो असं लिहायला आवडलं असतं. पण त्याच्या आधीच मी मुलीच्या सॉफ्टबॉल संघाला कॅचिंग शिकवून बसलो होतो. गावातल्या लहान मुलींची लीग, प्रशिक्षक म्हणजे वेळ असलेले पालक. माझी लेक कॅचर होती. मी तिला आणि आणखी दोघींना संध्याकाळी अंगणात उभं करून ठाणे पद्धतीचे धडे दिले. हात मऊ, चेंडूबरोबर मागे. मुली गुणी होत्या, शिकल्या. सामन्यात आमच्या पिचर मुलीचे काठावरचे चेंडू एकामागून एक बॉल ठरू लागले, ती रडकुंडीला आली आणि मी कुंपणाबाहेरून अंपायरवर ओरडलो. अंपायर हायस्कूलमधला पोरगा होता, खिशाला चार पैसे मिळावेत म्हणून उभा राहिलेला. त्याचे कान लाल झाले. खेळ संपल्यावर दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षक बाई, ज्या स्वतः कॉलेजात कॅचर होत्या, माझ्या लेकीजवळ आल्या, ग्लव्ह हातात घेतला आणि दोन मिनिटांत तिला दाखवलं की तीच चेंडू प्लेटबाहेर घेऊन जाते आहे. घरी येताना लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, तूच सांगितलं होतंस ना मागे घे म्हणून?" त्या पोराची माफी मागायला मी पुढच्या आठवड्यात गेलो, तर त्या दिवशी अंपायर दुसराच होता. तो पुन्हा भेटला नाही.

बॉस्टनमध्ये कॅचरवरचा सगळ्यात जुना वाद ऐकायचा असेल तर १९८६ चं नाव काढावं. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, २५ ऑक्टोबर, न्यूयॉर्क. बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला आणि बॉस्टन हरलं, एवढं जगाला ठाऊक आहे. मलाही तेवढंच ठाऊक होतं, आणि तेवढ्या भांडवलावर मी एकदा बकनरबद्दल विनोद केला. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. बकनरच्या आधी काय झालं होतं, माहीत आहे का? बॉब स्टॅन्लीचा चेंडू कॅचर रिच गेडमनच्या हातून निसटून मागे गेला, केव्हिन मिचेल धावत घरी आला आणि ५–५ अशी बरोबरी तिथेच झाली. बकनर नंतरचा. अधिकृत नोंद वाइल्ड पिच अशी आहे, म्हणजे दोष पिचरचा. "पास्ड बॉल होता," मागच्या रांगेतले गृहस्थ म्हणाले, "गेडमननं अडवायला हवा होता." बाई म्हणाल्या, "आतल्या बाजूला इतका वळलेला चेंडू तू अडवून दाखव." पुढचे दोन डाव मैदानाकडे कुणी पाहिलं नाही. मी नंतर ती चित्रफीत वारंवार पाहिली. कीपर म्हणून मला वाटतं, ग्लव्ह थोडा उशिरा गेला. पण ग्लव्हच्या बाबतीत माझ्या मताची किंमत वर आलीच आहे.

यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला, तेही सांगायला हवं. मी शिफ्टचा कट्टर भक्त झालो. शिफ्टनं खाल्लेला प्रत्येक हिट मला दिसायचा, आणि शिफ्टमुळे मोकळ्या जागेतून घरंगळत गेलेला चेंडू हा नुसता योगायोग. म्हणजे आधी जे करत होतो तेच, फक्त बाजू बदलून. २०२३ पासून मेजर लीगनं शिफ्टवर बंदी आणली: सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर, चौघांचेही पाय इनफिल्डच्या हद्दीत. मी संतापलो. कुणी कुठे उभं राहावं हे नियमानं ठरवणं हा खेळाचा अपमान आहे, क्रिकेटमध्ये असला पोरकटपणा कुणी खपवून घेणार नाही, असं मी दादरच्या काकांना फोनवर सुनावलं. काका शिवाजी पार्कवर क्लबच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे.

"अरे, लेगला स्क्वेअरच्या मागे दोनपेक्षा जास्त माणसं ठेवली तर मी काय देतो?"

"नो बॉल."

"मग? बॉडीलाइन झालं, आणि पुढे १९५७ मध्ये हा नियम आला. आणि वन-डेतलं वर्तुळ काय रांगोळी म्हणून काढतात?"

आयुष्यभर ज्या नियमाखाली खेळलो तोच मला आठवला नव्हता. तरी खुमखुमी गेली नाही. बाईंशी मी पैज लावली की बंदीमुळे सरासरी धडाधड वाढेल, डावखुऱ्यांची चंगळ होईल आणि मग लीगलाच पस्तावायची वेळ येईल. पैज जेवणाची. २०२२ मध्ये सगळ्या लीगची मिळून फलंदाजीची सरासरी ०.२४३ होती. २०२३ मध्ये ती ०.२४८ झाली. मी म्हटलं, वाढली! बाई म्हणाल्या, "धडाधड?" पिचर दरवर्षी जास्त वेगानं टाकताहेत, स्ट्राइकआउट वाढलेत, आणि चेंडू बॅटला लागलाच नाही तर कोण कुठे उभं आहे याला काय अर्थ, हा त्यांचा मुद्दा. शिवाय संघांनी वाटही शोधली. त्या वर्षीच्या सराव सामन्यांतच आमच्या रेड सॉक्सनं डावखुऱ्या जोई गॅलोसाठी एक आउटफिल्डर उचलून उजवीकडे जवळ आणून ठेवला, कारण नियम फक्त इनफिल्डरना बांधतो. २०२४ मध्ये सरासरी पुन्हा ०.२४३ वर आली. जेवण मी दिलं. त्यांनी लॉबस्टर मागवला.

२०२६ पासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येणार आहे. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन आव्हानं, आणि ती पिचर, कॅचर किंवा बॅटर यांनीच, डोक्याला हात लावून द्यायची. निकाल यंत्र देणार. मोलिनासारख्या मनगटांची किंमत यानं उतरेल, असं मी बाईंना म्हटलं. दोनच आव्हानं आहेत, बाकीचे सगळे चेंडू अंपायरच्याच डोळ्यांनी जाणार आहेत, आणि आव्हान कधी द्यायचं हे सर्वांत चांगलं कळणार कॅचरलाच, असं त्या म्हणाल्या. पुन्हा पैज लावू या का, असंही त्यांनी विचारलं. मी अजून होकार दिलेला नाही.