एकसष्ट आणि एकशे शहात्तर कोटी

कोणत्याही पूर्ण संख्येत एक मिळवला की तिच्याहून मोठी संख्या तयार होते, म्हणून केवळ मोठेपणाला गणितात महत्त्व नाही. परंतु एखादी प्रचंड संख्या साध्या प्रश्नाचे सर्वांत लहान उत्तर म्हणून पुढे येते, तेव्हा तिच्या जडणघडणीचा शोध घेणे अगत्याचे ठरते. १,७६,६३,१९,०४९ ही अशीच एक संख्या आहे.

एखाद्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग यावा, असा हा प्रश्न असून भारतीय बीजगणितात अशा प्रश्नांना ‘वर्गप्रकृती’ म्हणतात. त्यात गुणक संख्येला ‘प्रकृती’, मूळ वर्गाच्या वर्गमुळाला ‘कनिष्ठ’, येणाऱ्या वर्गाच्या वर्गमुळाला ‘ज्येष्ठ’ आणि मिळवायच्या संख्येला ‘क्षेप’ अशी नावे आहेत. प्रकृती ६० असता ४ व ३१, तर ६२ असता ८ व ६३ ही मुळे सहज सापडतात. मात्र या दोहोंच्या मधोमध असलेल्या ६१ साठी, शून्य सोडल्यास, सर्वांत लहान कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ उपरोक्त दहा अंकी संख्या आहे. एकेक कनिष्ठ तपासत तेथवर पोहोचणे हाताने गणित करणाऱ्याला अशक्यच होते.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘भावना’ ही रीत दिली. तिच्यात दोन उत्तरांतील कनिष्ठ-ज्येष्ठांचे तिरके गुणाकार एकत्र करून नवे कनिष्ठ मिळते आणि दोन्ही क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप होतो. क्षेप लहान ठेवत हीच क्रिया चाकाप्रमाणे फिरवणारी ‘चक्रवाल’ पद्धत गणिती जयदेवाला ज्ञात होती, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त ती मांडताना ६१ चे उदाहरण सोडवले. ८ च्या वर्गातून ६१ वजा करता उरणाऱ्या ३ या क्षेपापासून आरंभ केल्यास पहिल्याच आवर्तनात कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ आणि क्षेप उणे ४ येतो. ही मुळे निम्मी करून भावना लावत गेल्यास ३,८०५ व २९,७१८ ही मुळे उणे १ या क्षेपासह मिळतात, आणि त्यांची स्वतःशीच भावना केली की उत्तर हाती येते.

फ्रान्समध्ये पिएर द फर्मा याने १६५७ मध्ये हाच ६१ चा प्रश्न मांडला, त्यापूर्वी पाच शतके तो भारतात सुटलेला होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे, हे महाराष्ट्राचे भाग्यच होय.

१,७६,६३,१९,०४९ या ज्येष्ठाला कनिष्ठाने भागल्यास ६१ चे वर्गमूळ इतके अचूक मिळते की चूक दशांशचिन्हानंतरच्या अठराव्या स्थानी प्रथम दिसते. त्याहून मनोज्ञ गोष्ट या संख्येच्या शेजाऱ्यांत आहे : तिच्यातून १ वजा केला की २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट येते, आणि १ मिळवला की ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. ज्या दोन मुळांतून ही संख्या घडली, तीच तिच्या दोन्ही अंगांना अशी उभी आहेत.