आमचा मोती आणि त्याची दाढ

आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. त्याचा रंग तांबूस आहे. त्याचा एक कान उभा व एक पडलेला आहे. तो सात वर्षांचा आहे. कुत्रा इमानी प्राणी आहे असे आपण सर्वजण निबंधात लिहितो. पण त्याच्या तोंडात दात किती असतात ते कोणी लिहीत नाही. मलाही ठाऊक नव्हते. ते मला कसे कळले ते सांगतो.

आमचे वावर काटेपूर्णा अभयारण्याच्या बाजूला आहे. रात्री रानडुकरे आणि रोही येतात. म्हणून मोती आबाजीसोबत जागलीला जातो. तो भुंकला की आबाजी उठून डबा वाजवतात.

यंदा हरभरा घाट्यावर आला आणि मोतीने खाणे सोडले. भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायचा आणि खाली टाकायचा. पंजाने तोंड घासायचा. तोंडातून लाळ गळायची व वास यायचा. माय जवळ गेली तर तिच्यावर गुरगुरला. आधी तो घरच्यांवर कधीच गुरगुरत नव्हता.

शेजारचे काका म्हणाले, "पिसायलं हे कुत्रं. लाळ पाहा किती गयते. गल्लीत लेकरं हायेत, चावायच्या आंधी मारून टाका." दोघेतिघे काठ्या घेऊन आले. मी रडायला लागलो. आबाजी आडवे झाले. म्हणाले, "थांबा बाप्पा! त्याले दरसाल सुई देतो आपण. डॉक्टरले दाखवू, मंग पाहू."

बाबांनी दुरूनच दोरी टाकून मोतीला बांधले. ऑटोत घालून अकोल्याला नेले. मी पण हट्टाने गेलो, पण मला समोर बसवले. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. तिथे जनावरांचे डॉक्टर शिकतात आणि दवाखाना पण आहे. बैल, म्हशी, बकऱ्या सगळे रांगेत होते.

डॉक्टरबाईंनी आधी सुईचे कार्ड पाहिले. मग हातमोजे घातले, मोतीचे तोंड बांधले आणि भुलीची सुई दिली. तो झोपल्यावर तोंड उघडून पाहिले. वरची एक मोठी दाढ फुटली होती आणि तिच्या मुळाशी पू झाला होता. त्या दाढेचे मूळ डोळ्याच्या खालीपर्यंत जाते, म्हणून त्याच्या डोळ्याखाली सूज होती. बाकीच्या दातांवर पिवळे कीटण बसले होते. हिरड्या लालभडक होत्या, हात लागला की रक्त येई.

बाईंनी विचारले, "हा दगड नाहीतर हाडे चावतो का?"

कोणी बोलले नाही. मला माहीत होते. मी रोज नदीतले गोटे फेकायचो आणि मोती ते दातात झेलायचा. कट् असा आवाज आला की मला गंमत वाटायची. मी खाली पाहून म्हणालो, "मीच गोटे फेकत होतो." मला वाटले बाबा मारतील. पण ते काहीच बोलले नाहीत. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

बाईंनी दाढ काढली, दात साफ केले आणि औषध दिले. त्यांनी मला पुष्कळ सांगितले. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. पिलाला दुधाचे २८ असतात, ते सहासात महिन्यांत पडतात. माणसाला दुधाचे २० आणि मोठेपणी ३२ असतात. खाल्लेले दातांना चिकटते, दोनतीन दिवसांत घट्ट व्हायला लागते आणि त्याचे कीटण होते. मग हिरड्या सुजतात व दात हलतात.

मी विचारले, "माझी पेस्ट लावू का?" त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असते, ते त्याला विष आहे." शिजवलेली हाडेही देऊ नयेत. ती फुटून टोकदार होतात व घशात टोचतात.

जखम भरल्यावर बाबा रोज रात्री बोटाला ओले स्वच्छ फडके गुंडाळून मोतीचे दात बाहेरून पुसतात. मी डोके धरतो. पहिल्यांदा तो पळायचा, आता बसून राहतो. मी गोटे फेकत नाही. मायने चिंध्यांचा चेंडू करून दिला आहे.

मित्रांनो, कुत्रा खात नसेल, लाळ गाळत असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. तो खरेच पिसाळलेला असू शकतो. मोठ्यांना सांगा. चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन सुई घ्या. पण पाहिल्याशिवाय काठी पण उचलू नका. आपली दाढ दुखली तर आपण मायला सांगतो. मोतीला सांगता येत नव्हते, म्हणून तो गुरगुरला.

आता मोती पुन्हा जागलीला जातो. त्याला ४१ दात आहेत. काठी घेऊन आलेले काका परवा त्यांच्या कुत्र्याचा ओठ वर करून पाहत होते.

— इयत्ता ४ थी