वरच्या माळ्यावरचा चहा

आमची शाळा सकाळी सातला भरते आणि साडेबाराला सुटते. वह्यांचे गठ्ठे कपाटात कोंबून आम्ही तिघी बाहेर पडतो तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात. घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे वाट पाहत असतातच. म्हणून शाळा आणि घर यांच्यामध्ये अर्ध्या तासाचा एक मुक्काम आम्ही नोकरीला लागल्यापासून ठरवून टाकला आहे. आमच्यातली एक गणित शिकवते, एक सायन्स आणि एक उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी. तिघींचेही बी.एड. झालेले, तिशी उलटलेली, आणि चहाबाबत तिघींचे मत एकच: पत्ती जास्त, पाणी कमी.

आमचे मुंब्रा म्हणजे पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. शेजारचे कौसा हे मूळचे कोकणी मुसलमानांचे गाव. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईच्या कानाकोपऱ्यातून माणसे इकडे आली. कुणी भाड्याचे घर सोडून आले, कुणी जळालेले. सामान थोडे आणले. पण जिभेवरची चव कोण मागे ठेवतो? म्हणून स्टेशनवरून कौशाकडे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चालत गेलात तर पावलापावलाला प्रांत बदलतो. एकीकडे उत्तरेची निहारी रात्रभर मंद आचेवर शिजत असते, पुढे हैदराबादी खिचडी-खट्टा, त्यापुढे मलबारी पराठा, आणि एखाद्या कोकणी घराच्या ओट्यावर नारळाच्या दुधासोबत खायची सांदणे. २०१५च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा सीकवाल्यांचे धाबे दणाणले. काहींनी म्हशीच्या मटणावर भागवले, काही चिकनकडे वळले. ‘वो बात नहीं रही’ असे जुने गिऱ्हाईक अजूनही म्हणते आणि आणखी दोन सीक मागवते.

पण खाण्याच्या जागा कितीही असल्या तरी बाईने बसावे अशा किती? आमच्या आवडत्या हॉटेलात खाली पुरुष बसतात. आमच्यासाठी लाकडी जिना चढून वरचा माळा. तिथे ‘फॅमिली रूम’ अशी पाटी, तीन टेबले, मळका पडदा आणि कर्रकर्र वाजणारा पंखा. उभे राहिले तर डोके छताला लागते. तरी ती जागा आम्हाला प्रिय. तिथे बुरख्याचे नकाब वर करून, पाव चहात बुडवून खाता येतो आणि हेडमास्तरांची नक्कलही करता येते.

अलीकडे काचेच्या दरवाजाची कॅफे निघाली आहेत. मोमो, शोरमा, कोल्ड कॉफी. तिथे कॉलेजच्या मुली खालीच बसतात, तेही रस्त्याकडे तोंड करून. त्यांतल्या काही आमच्याच माजी विद्यार्थिनी. आम्हाला पाहून त्या दचकत नाहीत. ‘आइये ना, टीचर’ म्हणून हाक मारतात. ओढणी सावरतो ते आम्हीच. एकदा गेलो. कॉफी गार होती आणि बिल गरम. परत माळ्यावर आलो.

त्या माळ्यावरच ती गोष्ट घडली.

लॉकडाऊननंतर शाळा पुन्हा भरू लागल्या त्या २०२२ सालातली. हजेरीत कितीतरी नावांपुढे ‘गैरहाजर’ लागत होते. कुणी गावी गेले ते परतलेच नव्हते, कुणाचा फोन बंद. सातवीतला एक मुलगा असाच नाहीसा झालेला. अक्षर मोत्यासारखे, उर्दूचेही आणि मराठीचेही. एका दुपारी पडदा बाजूला झाला आणि तीन कप घेऊन तोच उभा. कप टेबलावर ठेवताना त्याचा हात थरथरला. ‘अस्सलामु अलैकुम, टीचर,’ एवढे बोलून तो धडधड जिना उतरला. चहावर साय धरली तरी आम्ही कपाला हात लावला नाही.

मग आमच्यात जे भांडण झाले ते आजवर झाले नव्हते. सायन्सवाली म्हणाली, उद्यापासून इथे पाऊल ठेवायचे नाही. गणितवाली म्हणाली, आपण आलो नाही तर तो आपल्याला दिसणार नाही, एवढाच फरक पडेल. बी.एड.च्या पुस्तकांतले सगळे आम्हाला पाठ होते. २००६ साली हॉटेले आणि चहाच्या टपऱ्यांवर मुलांना कामाला ठेवायला बंदी झाली. २०१०पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला. २०१६ साली चौदा वर्षांखालच्या मुलांना मजुरीला ठेवणेच बंद झाले. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावण्याची सूट राहिली. परीक्षेत या प्रश्नाला आम्ही पैकीच्या पैकी गुण मिळवले असते. पण त्याच्या वयाची किती मुले इतकी वर्षे आमच्यापुढे चहा ठेवून गेली होती? ती आमच्या हजेरीत नव्हती, म्हणून आम्ही त्यांचे चेहरेच पाहिले नव्हते. हा आमचा निघाला तेव्हा चहा कडू लागला.

त्याच्या घरी गेलो. चौथ्या मजल्यावर एक खोली. वडील रिक्षा चालवत होते. लॉकडाऊनमध्ये हप्ते थकले, रिक्षा गेली, मग तब्येतही गेली. आई घरी बसून नकली दागिन्यांचे मणी ओवत होती. तिने आम्हाला पलंगावर बसवले, स्वतः खाली बसली आणि म्हणाली, “मिस, स्कूल में दोपहर का खाना मिलता है, मालूम है. रात का कौन देगा?” आम्ही स्कॉलरशिपचे नाव काढले. अल्पसंख्याक मुलांना वर्षाला हजार रुपये मिळत. तिने बोटांवर हिशेब केला आणि काही बोलली नाही. पुढे त्याच वर्षाअखेर आठवीपर्यंतच्या मुलांची ती स्कॉलरशिपही केंद्राने बंद केली.

हॉटेलवाल्या चाचांशी बोलायला गेलो तेव्हा तोंडात शब्द तयार होते: कायदा, दंड, तक्रार. चाचांनी गल्ल्यावरून उठून आम्हाला खुर्ची दिली. “मैं भी जौनपुर से दस साल की उमर में आया था, टीचर. कप धोते-धोते गिनती सीखी.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमानही नव्हता. आम्ही विचारले, “चाचा, आपके पोते कहाँ जाते हैं?” ते बराच वेळ गप्प राहिले. नातू इंग्रजी शाळेत जातात हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा हॉटेलात दिसला नाही. आम्हाला वाटले, जिंकलो. पण तो शाळेतही आला नाही. पाच दिवसांनी कळले, तो गॅरेजात टायर उचलतो आहे. त्या दिवशी आम्हाला कळले की मुलाला कामावरून काढणे हा धड्याचा पहिला परिच्छेद, शेवटचा नव्हे. आम्ही तिघींनी त्या महिन्याच्या पगारातून पैसे काढले. चाचांकडे गेलो तर त्यांनी काही न बोलता एक जुनी कढई आणि स्टोव्ह काढून दिला. त्यावर त्याच्या आईने इमारतीच्या खाली समोसे तळायला सुरुवात केली.

आता आमच्या आवडीच्या ठिकाणांत ती गाडी पहिली. बटाट्याचा नव्हे, खिम्याचा समोसा. आत पुदिना आणि बारीक कांदा. रमजानात इफ्तारच्या आधी तिथे रांग लागते. दुकानांच्या मराठी पाट्यांची सक्ती झाली तेव्हा त्याने आमच्या मागे लागून एक पुठ्ठा रंगवून घेतला. आम्ही म्हटले, “अरे, गाडीला पाटी लागत नाही.” तर म्हणतो, “टीचर, फिर भी.” उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी, मध्ये भाव. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक होती. लाल पेन पर्समध्येच राहू दिले.

मुलगा शाळेत येतो. संध्याकाळी आईला मदत करतो; कायदा त्याला हरकत घेत नाही. पण कायद्याला रात्री अकराला धुतलेली कढई दिसत नाही. सकाळी सातच्या पहिल्या तासाला कधी कधी त्याची मान वहीवर झुकते. तास मराठीचा असतो. काल संध्याकाळी आम्हीच सहा समोसे बांधून घेतलेले असतात.

आम्ही त्याला लगेच उठवत नाही. बाकीच्यांना धडा हळू आवाजात वाचायला सांगतो, आणि मग त्याच्या बाकाजवळ जाऊन वहीचे पान तेवढे उलटतो.