विमानाच्या पोटात मावतं किती?

विमान बघायला गेलं की आपण काय बघतो? पंख बघतो, शेपूट बघतो, वैमानिक दिसतोय का ते बघतो. मी मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत बंगळूरला जाऊन विमानांची पोटं बघून आले! आणि त्याला कारण माझा भाचा ओंकार. सहावीत आहे, पण विमानांच्या बाबतीत त्याच्यापुढे मावशीची डी.एड. फिकी पडते.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास केला आणि सकाळी येलहंका गाठलं. तिथल्या हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून साधारण दर दोन वर्षांनी ‘एरो इंडिया’ हे प्रदर्शन भरतं. शेवटचे दोन दिवस आपल्यासारख्यांसाठी असतात. एक गंमत सांगते. प्रदर्शनाच्या दिवसांत तळाच्या आसपास १३ किलोमीटरपर्यंत मांसविक्री बंद ठेवली होती. का? तर टाकलेल्या मांसावर घारी जमतात, आणि इंजिनात घार शिरली तर विमानाचं काही खरं नाही.

आत गेल्यावर ऊन मी म्हणत होतं. डोक्यावरून विमान गेलं की छातीत धडधड व्हायची. ओंकारनं आधी सुखोई-३० एमकेआय दाखवलं. हे विमान आपल्या नाशिकजवळ ओझरला बांधलं गेलं, म्हणून त्याचं जरा जास्तच कौतुक! त्याच्या पंखांखाली आणि पोटाखाली शस्त्रं टांगायच्या १२ जागा आहेत. सुमारे ८ टन वजन ते उचलतं. बाजारातून येताना सायकलच्या हँडलला पिशव्या अडकवतात ना, अगदी तसं.

पण या पिशव्याच घात करतात. रडारच्या लहरी विमानावर आपटून परत येतात आणि शत्रूला पत्ता लागतो. टांगलेलं प्रत्येक क्षेपणास्त्र, त्याचा प्रत्येक पंख, त्याचा आकडा या लहरी परत पाठवतो. म्हणून रडारला चकवणारी, म्हणजे ‘स्टेल्थ’ विमानं सगळा माल पोटात कप्पा करून ठेवतात आणि वरून दार लावून घेतात. अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ अशी दोन्ही विमानं तिथं होती. एफ-३५ आम्ही दोरीच्या अलीकडूनच पाहिलं. खालून बघावं तर काहीच लटकलेलं नाही! नुसत्या करवतीसारख्या दातेरी कडांच्या फटी. ती कप्प्यांची दारं. कडा सरळ ठेवली तर लहरी थेट माघारी जातात, दातेरी केली की भलतीकडेच वळतात.

“मावशी, आत किती मावत असेल?” मला काय माहीत! ओंकारनंच सांगितलं. एफ-३५ ला दोन कप्पे. वायुसेनेच्या नमुन्यात प्रत्येकात सुमारे ९०० किलोचा एक बॉम्ब आणि एक क्षेपणास्त्र. हे क्षेपणास्त्र तर आतल्या दारालाच अडकवलेलं असतं. याच विमानाचा जो प्रकार सरळ खाली उतरू शकतो, त्याच्या अंगात एक मोठा पंखा बसवावा लागला. जागा गेली, आणि बॉम्ब निम्म्या वजनाचा झाला. पोट काही रबराचं नसतं! तिथंच इंधन, तिथंच इंजिनाच्या हवेचे बोगदे, तिथंच चाकं.

आपल्या भारताच्या ‘अ‍ॅम्का’ विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृतीही तिथं होती. ते २५ टनांचं असेल आणि पोटात दीड टन शस्त्रं नेईल अशी योजना आहे. ओंकार हिरमुसला. “सुखोई आठ टन नेतं, आणि हे दीडच?” त्याला लपण्याची किंमत समजावताना माझी पुरेवाट झाली. (गरज पडली तर बाहेरही टांगता येतं, पण मग लपणं संपलं.)

परत आल्यावर शाळेच्या पटांगणात खडूनं एक चौकोन आखला आणि माझ्या चौथीच्या मुलांना क्षेपणास्त्रं केलं. हात पसरून झोपा म्हटलं, चारच मावली. हात अंगाशी घ्या म्हटलं, सहा मावली! अमेरिकेच्या एफ-२२ चं नेमकं हेच झालं होतं. अ‍ॅमराम क्षेपणास्त्र साडेतीन मीटरांहून लांब असतं. ती पोटात चारच बसत होती. मग नव्या अ‍ॅमरामचे पंख छाटले, आणि मागे-पुढे सरकवून सहा बसवली. बाजूच्या दोन छोट्या कप्प्यांत एकेक, अशी एकूण आठ. सोडताना दार उघडून मिटायला एक सेकंदही लागत नाही, कारण दार उघडं म्हणजे विमान दिसलं. पोरांनी “उघडा! मिटा!” करत पटांगण डोक्यावर घेतलं.

तेवढ्यात चौकोनात पडलेल्या सायलीनं विचारलं, “बाई, पण पोटातून खाली कुठं पडतात ते?”

मी खोटं सांगू शकले नाही. एफ-११७ हे पहिलं स्टेल्थ लढाऊ विमान. त्याच्या पोटात दोनच बॉम्ब मावायचे, साधारण ९०० किलोचे. आखाती युद्धात, १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे, अशाच विमानांनी बगदादच्या अमिरिया भागातल्या एका निवाऱ्यावर दोन बॉम्ब टाकले. ते लष्करी ठाणं आहे असं अमेरिका म्हणत होती. आत आसऱ्याला आलेली कुटुंबं होती. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बायका-मुलं कितीतरी. आम्ही येलहंकाला होतो तीही १३ फेब्रुवारीच, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सायली उठून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “दोनच होते ना, बाई?”

“हो, दोनच.”

घंटा झाली. ओंकारला मी हे सगळं पत्रानं कळवलंय, त्याचं उत्तर अजून यायचंय.