घरकुल, पण कोठें?

'घरकुल' हा शब्द मला फार आवडतो. सरकारी कागदांत इतका मायाळू शब्द विरळाच. इंदिरा आवास योजनेच्या जागीं २०१६ सालीं प्रधानमंत्री आवास योजना आली आणि सपाट मुलखांतील घरास १ लक्ष २० हजार रुपये ठरले. ते हप्त्यांनीं मिळतात. पाया उठला कीं पुढचा हप्ता. परंतु आमच्या हिंगोलीकडचा, ऊसतोडीहून परतून परक्याच्या जागेंत झोपडी घालणारा भूमिहीन मजूर पाया खणणार कोठें? महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं जागेसाठीं ५० हजारांपर्यंत साहाय्य देऊं केलें, पुढें तें वाढविलेंहि. तथापि जागा विकत देणारा भेटला पाहिजे ना! मला वाटतें, खर्चाचा पहिला रुपया गांवठाण वाढविण्याकडे जावा. पायाखालीं हक्काची भूमि असली, तर भिंती उभारण्याची उमेद गरिबापाशीं असतेच.