खडूच्या कड्यावर

बेळगावात ३४ वर्षं भूगोल शिकवला. समुद्राकाठचा कडा, कमान, स्तंभ या आकृत्या फळ्यावर खडूनं किती वेळा काढल्या असतील, मोजदाद नाही. पण खुद्द खडूचाच कडा डोळ्यांनी बघितला तो गेल्या जूनमध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी. लेक ब्रायटनला असते. तिच्याकडे दोन महिने राहून आले, त्यातला हा एक दिवस. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिकडं आहेत, कधी ना कधी जाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रायटनहून ईस्टबर्नच्या रस्त्याला लागलं की ककमीर नावाची छोटी नदी लागते. ती समुद्राला मिळते तिथून बर्लिंग गॅपपर्यंत जे पांढरे कडे आहेत त्यांना सेव्हन सिस्टर्स म्हणतात. सात बहिणी म्हटल्यावर माझ्या डोक्यात आधी साती आसराच आल्या. पाण्याकाठी राहणाऱ्या सात जणी, शेंदूर लावलेले सात दगड. इथल्या बहिणी मोजल्या तर आठ भरतात, हे लेकीनं आधीच सांगितलं होतं. तरी मी मोजल्याच. मास्तरकी जात नाही.

गाडी बर्लिंग गॅपला लावली. तिथून लोखंडी जिन्यानं खाली उतरता येतं. गुडघ्यांची तक्रार असली तरी उतराच, कारण कडा खालूनच कळतो. खाली वाळू नाही, गोटे. लाट मागं जाताना त्या गोट्यांचा जो खळखळाट होतो तो आपल्या कोकणातल्या किनाऱ्यावर कधी ऐकला नव्हता. आणि मान वर केली की भिंत. नुसती पांढरी, मधूनमधून चकमकीच्या दगडाचे काळे पट्टे, वहीवर ओळी आखाव्यात तसे. हात लावला तर बोटं पांढरी झाली. आम्ही फळ्यावर वापरायचो तो खडू बहुतेक जिप्समचा, हा अस्सल. पूर्वी इथं समुद्र होता, त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचं तळाशी साचत गेली, त्याचा हा दगड. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहिला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. हा पांढरा त्याच्याही आधीचा.

वरून दिसणारी चढउताराची रांग म्हणजे खरं तर डोंगर नव्हेत. मधले खळगे जुन्या दऱ्यांचे. हिमयुगात जमीन गोठलेली असताना पाणी वरून वाहिलं, दऱ्या पडल्या. बर्फ गेलं, पाणी खडूत मुरायला लागलं, दऱ्या कोरड्या राहिल्या. मग समुद्रानं त्या आडव्या कापल्या. आणि पांढरेपण टिकतं ते झिजतात म्हणून. ढासळणं थांबलं तर वर गवत-झुडपं उगवून कडा हिरवट होईल. गेल्या दीडशे वर्षांत हा किनारा वर्षाला सरासरी २२ ते ३२ सेंटिमीटर मागं सरकलाय. बर्लिंग गॅपला तटरक्षकांसाठी बांधलेल्या घरांची एक ओळ आहे. त्यातली काठावरची घरं एकेक करून पाडावी लागली. उरलेल्यांपैकी शेवटच्या घराची भिंत बघितली, आणि तिथून काठ किती पावलांवर आहे तेही बघितलं. (पोरं तिथं अगदी कडेला पाय सोडून फोटो काढत होती. कुंपण नाही. खालून माती पोखरलेली असते, वरून कळत नाही. तुमच्या मुलांना सांगा. खाली कड्याला चिकटून बसूही नका आणि भरतीची वेळ बघूनच उतरा.)

मग गवतातून चढत बेल टूटला गेलो. हे जुनं दीपगृह, १८३२चं. धुक्यात दिवा दिसेना म्हणून १९०२ला खाली समुद्रातच नवं उभं केलं, ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं. जुनं पुढं राहतं घर झालं. काठ जवळ येत चालला तेव्हा १९९९मध्ये ती आख्खी इमारत जॅकवर उचलून १७ मीटर मागं सरकवली. दगडी इमारत, मनोऱ्यासकट! मी तिच्याभोवती फेरी मारून आले.

तिथं गवतात बसून आम्ही डबा उघडला, आणि तिथंच लेक म्हणाली, “आई, पुढच्या महिन्यात माझा शपथविधी आहे. सिटिझनशिपचा.”

“म्हणजे इकडचा पासपोर्ट?”

“परत द्यावा लागतो. दोन ठेवता येत नाहीत.”

मी दशमी तोडत राहिले. आमचं शहापूरचं घर जागचं हललं नाही, पण १९५६पर्यंत मुंबई राज्यात, मग म्हैसूर, १९७३पासून कर्नाटक. माझे वडील, आबा, सीमा सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. १ नोव्हेंबरला काळी फीत लावायला वयाच्या ९१व्या वर्षीही विसरत नाहीत. कुठल्या राज्यात असायचं यावर ज्या घरात सत्तर वर्षं जेवणं थंड झाली, त्या घरातली नात देशच बदलणार होती. रागावले का? नाही. व्हिसाच्या रांगा तिनं कशा काढल्या मला माहीत आहे, जावयाचं काम आणि नातवाची शाळा तिथंच. पण मला समोरचे कडे नीट दिसेनात, एवढं खरं.

“आबांना कोण सांगणार?” मी विचारलं.

“मीच सांगते.”

तिनं तिथूनच भावाच्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला. बेळगावात संध्याकाळ झालेली. आबांना आधी कडे दाखवले. “खडूचा डोंगर? मग लिहून बघितलंस काय?” त्यांनी मलाच विचारलं. मग तिनं एका दमात सांगून टाकलं.

आबा बराच वेळ गप्प. वारा इतका होता की फोन कट झाला असं वाटलं.

“तिथं मत देता येतं?”

“येतं आबा. आत्ताही देते. भारतीयांना इथं देता येतं.”

“आणि इथल्या यादीतलं नाव?”

“ते काढावं लागणार.”

“हं,” म्हणाले. परत गप्प. मग, “आईकडं फोन दे,” आणि मला, “तू केव्हा येणार? चार दिवस झाले, नळाला पाणी नाही.”