लढाईनंतरची मतं

देशपांडे नगर, हुबळी

1
26 जुलै 1945. ब्रिटनमध्ये मतमोजणी. मतदान 5 जुलैलाच उरकलं होतं, पण परदेशातल्या सैनिकांची मतं यायची म्हणून पेट्या तीन आठवडे सीलबंद. उघडल्या तर मजूर पक्षाला 393 जागा. पंतप्रधान चर्चिल पॉट्सडॅमची बैठक मध्येच सोडून निकालासाठी घरी आले होते. उरलेल्या बैठकीला मजूर पक्षाचे ॲटली गेले.

2
इटलीतल्या ब्रिटिश सैनिकांची मतंही त्या पेट्यांत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, इटलीतच सेनिओ नदीवर, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणत होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण या निवडणुकीत मत नव्हतं.

3
हुजूर पक्षाच्या पोस्टरवर चर्चिल यांचा चेहरा. मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात घरं, काम, औषधपाणी.

4
चर्चिल हरले, असं आपण सहज म्हणतो. ते स्वतः वुडफर्डमधून निवडून आले होते, हरला पक्ष. लोकांची त्यांच्याविषयीची कृतज्ञता खरी होती, असंच मला वाटतं. पण पक्षाचं नाव काढलं की 1930 च्या दशकातली बेकारी आठवे आणि हिटलरशी केलेला म्युनिकचा समझोता आठवे. 1918 मध्ये, पहिल्या युद्धानंतर, परतणाऱ्या जवानांना चांगली घरं देऊ असं सांगितलं होतं. ती पुरेशी झालीच नाहीत. तेव्हाची पोरं आता बाप झाली होती, त्यांचे मुलगे फौजेत होते, आणि बॉम्बनी होती ती घरंही पडली होती. 1942 च्या डिसेंबरात बेव्हरिज अहवाल आला: आजारपण, बेकारी, म्हातारपण, सगळ्यांसाठी विमा. सरकारी अहवाल, तरी लोकांनी रांगा लावून विकत घेतला. त्या रांगा हुजूर पक्षानं नीट पाहिल्या नाहीत.

5
4 जूनला चर्चिल रेडिओवर म्हणाले, समाजवाद आणायचा तर गेस्टापोसारखं काही लागेल. ॲटली युद्धाची वर्षं त्यांच्याच मंत्रिमंडळात, उपपंतप्रधान. ऐकणाऱ्यांना ते माहीत होतं.

6
लढाई जिंकून मतं हरल्याचं आपल्याकडचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मराठी राज्य मागणारी संयुक्त महाराष्ट्र समिती. 1957 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात तिनं काँग्रेसला झोपवलं. काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण कराडमधून थोडक्यात वाचले. या चळवळीत शंभरावर माणसं गोळीबारात गेली होती. 1 मे 1960 ला राज्य मिळालं. 1962 मध्ये विधानसभेच्या 264 जागांपैकी काँग्रेसला 215.

7
1957 मध्ये मुंबईतून लोकसभेवर गेलेले समितीचे कॉम्रेड डांगे 1962 च्या लोकसभेत नाहीत.

8
कारणं? मागणी पुरी झाली आणि तिच्यापायी एका मांडवात आलेले पक्ष पुन्हा आपापल्या वाटेला लागले. प्रजासमाजवादी बाहेर पडले. शेकापची बरीच माणसं काँग्रेसमध्ये गेली. नव्या राज्याचा मंगल कलश चव्हाणांच्या हाती दिसला, आणि पुढे साखर कारखाना, सोसायटी, जिल्हा परिषद, हे बोलायलाही तेच होते. समितीकडे सांगण्यासारखं मोठं काम होतं, पण ते झालेलं. मला समितीच्या कार्यकर्त्यांविषयी आजही हळहळ वाटते.

9
बेळगावात महाराष्ट्रात येण्याची मागणी पुरी झाली नाही. तिथे महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार त्यानंतरही निवडून येत राहिले.

10
आमच्या धारवाड जिल्ह्याचं 1952 चं मत मुंबईच्या विधानसभेला, 1957 चं म्हैसूरच्या. घर तेच, उंबरा तोच, राज्य बदललेलं.

11
तिकडे ब्रिटनमध्ये 1951 ला चर्चिल सत्तेवर परत आले. मतं मजूर पक्षाला जास्त, जागा हुजूर पक्षाला. मजूर पक्षानं सुरू केलेली मोफत आरोग्यसेवा त्यांनी मोडली नाही.

12
शेजारच्या आजींच्या न्हाणीघराबाहेर चार घागरी आणि एक निळं पिंप. पिंपाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं, सुतळीनं बांधलेलं. त्यांच्या धाकट्या दिरांनी 1971 ची लढाई पाहिली. गणवेशातला फोटो समोरच्या भिंतीवर आहे, आजी रोज पुसतात.

विचारलं, "आजी, यंदा मत कुणाला?"

"नाव कशाला सांगू बाळा? पाणी किती दिवसांनी येतंय, ते तूच मोज."

आणि फडकं सोडून त्यांनी पिंपात हात घातला, किती उरलंय ते बघायला.